दोन इंची फिफ्थ व्हील : १५०, १८५ की २५०? उंचीचा हिशोब आणि आमचं मत

मोशी, चाकण किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत फिफ्थ व्हील, म्हणजे घोड्याला (ओढणाऱ्या ट्रकला) ट्रॉली जोडायची प्लेट, घ्यायला गेलं की बोलणं सुरू होतं ते कंपनीवरून आणि संपतं भावावर. उंचीचा विषय निघतच नाही. गोदामात जी उंची पडलेली असेल ती घोड्यावर चढते, ट्रॉली जोडली जाते, हँडल बसतं, आणि काम झालं असं सगळे धरून चालतात. सहा महिन्यांनी ट्रॉलीच्या तीन ॲक्सलपैकी एकाच ॲक्सलचे टायर का संपले, याचा शोध टायरच्या दुकानात घेतला जातो. उत्तर मात्र फिफ्थ व्हीलखालच्या स्टँडमध्ये असतं.

म्हणून हे परीक्षण कंपनीचं नाही, उंचीचं आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १५०, १८५ आणि २५० मिमी या तीन उंचींची दोन इंची फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रॉलीच्या तळाची दोन इंची खुंटी (किंगपिन) धरणारी, इथे घेतली आहेत. मत आधीच सांगतो. तिन्ही माल म्हणून चांगल्या आहेत. ४५.५ टनी ४x२ (मागे एकच ॲक्सल असलेला) घोडा आणि तीन ॲक्सलची कंटेनर किंवा फ्लॅटबेड ट्रॉली या पुण्याकडच्या नेहमीच्या जोडीला बहुतेक वेळा १८५ जुळते. १५० ही कार कॅरियर आणि कमी उंचीच्या ट्रॉलीची. २५० मात्र मोजमापाचा कागद हातात असल्याशिवाय घेऊ नका.

ताकदीचा प्रश्न लवकर आटोपू, कारण त्यात वाद नाही. या वर्गातल्या फिफ्थ व्हीलवर साधारण २० टन उभा भार आणि १५० किलोन्यूटनच्या आसपास डी-व्हॅल्यू कोरलेली असते. डी-व्हॅल्यू म्हणजे घोडा आणि ट्रॉली एकमेकांना ओढतात-ढकलतात तो आडवा जोर. हिशोब असा : भार धरून घोड्याचं वजन १८.५ टन, ट्रॉलीचं एकूण वजन ३८.५ टन, किंगपिनवरचा भार ११.५ टन. १८.५ गुणिले ३८.५, भागिले ४५.५, गुणिले ०.६, गुणिले ९.८१. उत्तर सुमारे ९२ किलोन्यूटन. म्हणजे कोरलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्याही आत. नेहमीच्या मालाला आणखी जड फिफ्थ व्हील घेऊन काहीच मिळत नाही. हीच चौकशी उंचीसाठी केली तर पैसे वाचतात.

उंची म्हणजे नेमकी कुठून कुठवर, इथेच पहिला घोळ होतो. १८५ हा आकडा स्टँडच्या तळापासून, म्हणजे माउंटिंग प्लेटवर तो टेकतो तिथपासून, वरची प्लेट सपाट धरल्यावर तिच्या पृष्ठभागापर्यंतचा असतो. माउंटिंग प्लेटची जाडी त्यात नसते. स्लायडर (फिफ्थ व्हील पुढे-मागे सरकवायची चौकट) असेल तर त्याची उंचीही नसते. कोटेशनमध्ये नुसतं ‘१८५’ लिहिलं असेल तर ‘चॅनेलच्या माथ्यापासून वरच्या प्लेटपर्यंत एकूण किती?’ हे लिहून मागा; चॅनेल म्हणजे घोड्याच्या सांगाड्याचे लांब लोखंडी बीम. स्लायडर धरायचा राहिला म्हणून ट्रॉलीचं नाक वर गेलेली जोडी चाकणच्या रस्त्यावर शोधायला फार वेळ लागत नाही.

आता मोजणी. घोडा नंतर, ट्रॉली आधी, कारण ट्रॉलीची उंची आपण बदलणार नसतो.

ट्रॉली भरलेली हवी. रिकाम्या ट्रॉलीवर घेतलेलं माप कमानपाटे दबल्यावर खोटं ठरतं. जागा सपाट हवी. रस्त्याला दोन्ही बाजूंना उतार असतो, गाळ्यासमोरची जमीन तर विचारायलाच नको. वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म ही पुण्यात सहज मिळणारी सर्वात भरवशाची सपाट जागा. काट्यावर गर्दी नसेल त्या वेळी दहा मिनिटं मागून घ्या. तेही जमलं नाही तर गवंड्याची पाण्याची नळी आणा. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक मधल्या ॲक्सलच्या वर ट्रॉलीच्या मुख्य बीमला धरायचं आणि दुसरं किंगपिनच्या वर त्याच बीमला. पाण्याची पातळी दोन्हीकडे बीमच्या एकाच कडेपासून किती अंतरावर आहे ते स्टीलच्या पट्टीने बघायचं. दोन्ही अंतरं सारखी म्हणजे ट्रॉली लेव्हलमध्ये. तफावत असेल तर तेवढं नाक वर किंवा खाली आहे. जमीन तिरकी असेल तर तिचा उतारही याच नळीने मोजून वजा करावा लागतो, तरी लेझरच्या खेळण्यापेक्षा ती बरी. लेझरचा ठिपका उन्हात दिसत नाही आणि चॅनेलच्या गंजक्या कडेवर तो नेमका कुठे पडला यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

ट्रॉली लेव्हलमध्ये असताना तिच्या खालच्या प्लेटची, म्हणजे किंगपिन जिच्यातून बाहेर येतो तिची, जमिनीपासूनची उंची घ्या. आपल्याला गाठायचा आकडा हाच.

घोड्यावर चॅनेलच्या माथ्याची उंची घ्या, तीही जिथे किंगपिन बसणार त्याच रेषेत. रिकामी आणि भरलेली, दोन्ही. आठ-दहा पाट्यांचं मागचं सस्पेन्शन भार आल्यावर साधारण ४० ते ६० मिमी बसतं. ते गाडीगणिक वेगळं असतं, म्हणून पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका. टायरची हवा ठरलेली ठेवा. नव्या टायरची नक्षी १५-१६ मिमी खोल असते, काढायला आलेल्या टायरची तीनच्या आसपास. म्हणजे टायर झिजल्यानेच घोडा १२ मिमी खाली येतो. नव्या पाट्यांची गाडी असेल तर आणखी थोडी बसेल हे धरून चला.

आता बेरीज, एका उदाहरणावर. समजा चॅनेलचा माथा रिकाम्या गाडीत १०६० मिमी आणि भरल्यावर १०१५. माउंटिंग प्लेट १२ मिमीची. ट्रॉलीची प्लेट लेव्हलमध्ये १२१० मिमीवर. १८५ चं फिफ्थ व्हील बसवलं तर १०१५ अधिक १२ अधिक १८५, म्हणजे १२१२. दोन मिमीचा फरक, उत्तम. १५० बसवलं तर ११७७, नाक ३३ मिमी खाली. २५० बसवलं तर १२७७, नाक ६७ मिमी वर.

‘६७ मिमी म्हणजे अडीच इंच, त्याने काय होतंय?’ हे वाक्य फिटमेंटच्या गाळ्यात नेहमी ऐकू येतं. काय होतं ते बोगीत, म्हणजे ट्रॉलीच्या तीन ॲक्सलच्या जोडणीत, बघा. किंगपिनपासून मधल्या ॲक्सलचं अंतर साडेसात मीटर आणि ॲक्सल-ॲक्सलमधलं १३६० मिमी धरा. नाक १०० मिमी वर गेलं तर बीम पहिल्या ॲक्सलवर १८ मिमी वर जातो आणि तिसऱ्यावर १८ मिमी खाली येतो. एकूण ३६ मिमीचा फरक. ६७ मिमीला तो २४ येतो, ३३ मिमीला १२. बोगीतले रॉकर (ॲक्सल-ॲक्सलमध्ये भार वाटणारे झुलते हात) हा फरक पोटात घेण्यासाठीच असतात, पण त्यांची हालचाल मोजकी. ती उभ्या गाडीतच खर्च झाली तर खड्डा आल्यावर शिल्लक काय राहणार? आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावर खड्डे आहेत. रॉकरच्या बुश जुन्या, ग्रीस नसलेल्या असतील तर तो फिरतच नाही आणि एका ॲक्सलवर भार साचतो.

इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. नाक वर केलं की घोड्यावरचा भार कमी होतो असं ड्रायव्हर मंडळी सांगतात. या उंचीच्या फरकाने किंगपिनवरच्या भारात फारसं काही होत नाही. बदलतो तो बोगीतला वाटा. तीन ॲक्सलचे २७ टन म्हणजे प्रत्येकी नऊ. नाक वर गेलेल्या ट्रॉलीत शेवटचा ॲक्सल नऊच्या वर जातो आणि पहिला हलका पडतो. सपाट रस्त्यावर ते कळत नाही. बोरघाट उतरताना कळतं. ब्रेक तिन्ही ॲक्सलला सारखाच लागतो, हलक्या ॲक्सलची चाकं आधी जाम होतात आणि टायरला तळहाताएवढा चपटा डाग पडतो. असा टायर बाहेरून हाताने फिरवून पाहिला तर त्या जागी रबर खरवडल्यासारखं, कडेला बारीक भुरकट पीळ आलेलं दिसतं. शेवटच्या ॲक्सलच्या ड्रमला त्याच उताराच्या शेवटी हात जवळ नेववत नाही. पहिल्या ॲक्सलला चपटे डाग आणि तिसऱ्याला जास्त झीज असं एकत्र दिसलं तर अलाइनमेंटवर खर्च करण्याआधी नळीने लेव्हल बघा.

नाक खाली असेल तर हेच उलटं होतं : पहिला ॲक्सल जड, तिसरा हलका. शिवाय ट्रॉलीचा पुढचा भाग घोड्याच्या मडगार्डवर किंवा चॅनेलच्या शेपटीवर टेकण्याची भीती. गोदामाच्या रॅम्पवर घोडा वर चढलेला आणि ट्रॉली अजून खाली असते, तेव्हा हा स्पर्श हमखास होतो. मडगार्डच्या माथ्यावर रंग घासलेली आडवी रेघ दिसली की समजावं.

कंटेनरवाल्यांसाठी उंचीचा आणखी एक हिशोब आहे आणि तो थेट दंडाशी जोडलेला आहे. हाय-क्यूब (जादा उंचीचा) कंटेनर २८९६ मिमी उंच. स्केलेटन (नुसत्या सांगाड्याच्या) ट्रॉलीचा ट्विस्ट लॉक, म्हणजे कंटेनरचा कोपरा जिथे टेकून अडकतो ती जागा, १५५० वर असेल तर एकूण ४४४६. आयएसओ कंटेनर नेणाऱ्या ट्रॉलीला मर्यादा ४.५२ मीटर. हातात उरले ७४ मिमी. वरच्या उदाहरणातलं २५० चं फिफ्थ व्हील किंगपिनपाशी ६७ मिमी वर नेतं. कंटेनरचा पुढचा कोपरा किंगपिनच्याही मीटरभर पुढे असतो, तिथे ते ७६ होतात. बेरीज ४५२२. न्हावा शेव्याहून तळेगावला येणाऱ्या गाडीने कागदोपत्री सगळं बरोबर ठेवूनही मर्यादा ओलांडली, ती फक्त स्टँडमुळे.

आता एकेका उंचीचं बघू.

१५० हे तिन्हींत सर्वात घट्ट बसणारं. ट्रॉलीचा आडवा जोर वरच्या प्लेटवर येतो आणि बोल्ट खाली असतात. मधलं अंतर जितकं कमी तितका बोल्टवरचा पीळ कमी. १५० च्या जागी २५० घेतलं की तोच जोर दोन तृतीयांशाने जास्त पीळ देतो. घाटात एकामागून एक वळणं घेताना १५० वरची ट्रॉली घोड्याला चिकटून चालते, डोलत नाही. चाकणहून निघणाऱ्या कार कॅरियरना हेच पसंत, कारण दोन मजल्यांची गाडी जितकी खाली तितकं बरं. अडचण एकच, मोकळी जागा. घोड्याची शेपटी, मागचे दिवे, मडगार्ड आणि ट्रॉलीचा तळ यांत अंतर किती उरतं ते रॅम्पवर उभं करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मडगार्ड कापून जागा करणारे आहेत. कापलेल्या मडगार्डमधून पावसाळ्यात चिखल थेट फिफ्थ व्हीलच्या, किंगपिन पकडणाऱ्या जबड्यात जातो, मग तो जबडा कितीही चांगल्या कंपनीचा असो.

१८५ बद्दल तक्रार करण्यासारखं फार नाही. पुण्यातल्या नेहमीच्या जोडीला ते जुळतं, सुटे भाग लगेच मिळतात, विकायचं झालं तर गिऱ्हाईक मिळतं. आमच्या मते २५ मिमीपर्यंतचा फरक चालवून घ्यावा, आणि द्यायचाच झाला तर नाक खालच्या बाजूला द्यावा, वरच्या नव्हे. एकच घोडा आज एक ट्रॉली आणि उद्या दुसरी ओढणार असेल तर सगळ्या ट्रॉल्यांची मापं घ्या आणि मधल्या आकड्याला जुळणारी उंची निवडा. अशा कामाला १८५ सोडून दुसरी निवड करायला ठोस कारण हवं.

२५० वाईट नाही, पण ते चुकीच्या गाडीवर सर्वाधिक दिसतं. खरी जागा दोनच ठिकाणी : घोड्याचा चॅनेल मुळातच खाली असेल, किंवा ट्रॉली जुनी, उंच प्लेटची असेल आणि बदलता येत नसेल. ‘रॅम्पवर घासतं’ म्हणून २५० घेणं हा उपाय नव्हे. घासणं थांबतं आणि बोगीचं दुखणं सुरू होतं. उंच स्टँडला बोल्टचा पीळ जास्त, म्हणून पडताळणीही दुप्पट वेळा करायची. भरलेल्या उंच मालावर, म्हणजे कापसाच्या गाठी किंवा दोन थरांतले ड्रम असतील तर, वळणावर गाडी झुकल्याचं २५० वर जास्त जाणवतं.

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात फिफ्थ व्हील बसवून घरासारखे कॅराव्हॅन ओढतात. तिथेही भांडण हेच आहे. हौद्याची कड आणि कॅराव्हॅनचा तळ यांत सहा इंच मोकळे हवेत म्हणून लोक नाक वर करतात आणि मागच्या ॲक्सलचे टायर गमावतात. पिकअप उंच होत गेले. वजन आपल्या ट्रॉलीच्या तुलनेत चिमूटभर, भूमिती तीच.

जुगाडाबद्दल स्पष्ट लिहायला हवं. स्टँडखाली पट्ट्यांचे थर घालून वेल्डिंग करणं, दोन माउंटिंग प्लेट एकमेकींवर ठेवणं, लांब बोल्ट घालून मध्ये पाइपचे तुकडे देणं, हे सगळं या भागात बघायला मिळतं आणि यातलं काहीही करू नये. सैल थर एकमेकांवर सरकतात, सरकले की बोल्टवर ओढीऐवजी कातर येते आणि बोल्ट तुटतो. ३५ मिमी कमी पडत असतील तर ३५ मिमी उंच स्टँड घ्या, तो मिळतो. दुसरा जुगाड घोड्याच्या सस्पेन्शनचा : ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घालून मागचा भाग उचलणं. त्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. एअर सस्पेन्शनच्या घोड्यावर लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी फिरवून उंची ‘जुळवणं’ हेही तसंच. शिवाय गाडीत असे फेरफार म्हटले की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ येतं, आणि मोशीच्या आरटीओत पासिंगला नेल्यावर ते आठवून उपयोग नसतो.

फिटमेंटचं काम पुण्यात चांगलं होतं, पण गाळ्यागाळ्यात फरक मोठा आहे. चांगला गाळा ओळखायच्या खुणा सांगतो. तो भरलेल्या गाडीचं माप मागतो. चॅनेलच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडत नाही, उभ्या बाजूलाच पाडतो, आणि गॅसने नव्हे, ड्रिलने. ॲंगल बोल्टने लावतो, चॅनेलला वेल्डिंग करत नाही. स्टँडच्या पुढे-मागे माउंटिंग प्लेटवर अडसराचे ठोकळे वेल्ड करतो, म्हणजे ब्रेक मारल्यावरचा धक्का बोल्टवर न येता ठोकळ्यावर येतो. नट एअर गनने आवळून मोकळा होत नाही, शेवटी टॉर्क रेंच लावतो. एम-१६ च्या ८.८ ग्रेड बोल्टला २१० न्यूटन-मीटरच्या आसपास, १०.९ ला ३०० च्या आसपास. फिफ्थ व्हीलसोबत आलेल्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. जुने बोल्ट परत वापरणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि फिफ्थ व्हील उचलायला चेन ब्लॉक नसलेल्या गाळ्यात जाऊच नका. दोन माणसांनी पेलायची ती वस्तू नाही.

उंचीसोबत एक आडवं मापही ठरतं : किंगपिन मागच्या ॲक्सलच्या किती पुढे. व्हीलबेस ३.६ मीटर आणि किंगपिन ४०० मिमी पुढे असेल तर ११.५ टनांपैकी सुमारे १.३ टन पुढच्या ॲक्सलवर जातात. बरोबर ॲक्सलच्या डोक्यावर बसवलं तर सगळा भार मागे, स्टीअरिंग हलकं आणि ओल्या रस्त्यावर घोडा सरळ जायला बघतो. फार पुढे आणलं तर ट्रॉलीचा कोपरा केबिनच्या पाठीला लागतो. किंगपिनपासून पुढच्या कोपऱ्यापर्यंतची त्रिज्या आंतरराष्ट्रीय मापात २०४० मिमीपर्यंत असते, आपल्याकडच्या जुन्या ट्रॉल्यांची मोजूनच घ्यावी. त्यापलीकडे केबिनपर्यंत किमान वीतभर जागा ठेवा, कारण खड्ड्यात ट्रॉली पुढे झुकते आणि हवेच्या नळ्यांनाही वळायला जागा लागते.

जुळवलेली उंची जोडताना वाया घालवू नका. ट्रॉलीची प्लेट फिफ्थ व्हीलच्या प्लेटपेक्षा थोडी खाली हवी, साधारण ५० मिमीपर्यंत, म्हणजे घोडा मागे घेताना ट्रॉली किंचित उचलली जाते आणि प्लेट प्लेटवर घासत आत जाते. ट्रॉलीचे पाय जास्त खाली सोडून तिचं नाक फार वर ठेवलेलं असेल तर किंगपिन जबड्याच्या वरून जातो. हँडल बसल्यासारखं दिसतं, ट्रॉली काही अंतर येतेही, आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला सुटते. जोडल्यावर खाली वाकून टॉर्चने बघा : दोन प्लेटमध्ये फट दिसता कामा नये, आणि जबडा किंगपिनच्या मानेभोवती मिटलेला दिसला पाहिजे. मग ट्रॉलीचा ब्रेक लावून घोडा पुढे ओढून पाहा. सेफ्टी हुक अडकवा, त्यानंतरच पाय वर घ्या.

देखभालीत उंचीशी संबंध असलेली एक गोष्ट नेहमी सुटते. वरची प्लेट स्टँडवर रबराच्या गाद्यांवर बसलेली असते. गाद्या झिजल्या की प्लेट काही मिमी खाली बसते आणि चढ-उतार बदलताना ‘खट्’ असा आवाज येतो. तो आवाज आला की लोक जबड्याचा खेळ काढायला धावतात. आधी गाद्या बघा. किंगपिनची मान नवीन असताना ५०.८ मिमी असते, ४९ ला आली की बदला. तिच्यासाठी व्हर्निअर पुरतो, पण दोन दिशांनी मोजा, कारण ती ओढीच्या बाजूने झिजते आणि आडवी मोजली तर ठीकच दिसते. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, ग्रीस धुतलं जातं. उघडी प्लेट चकचकीत, निळसर दिसू लागली तर लोखंडावर लोखंड घासतंय. जुनं ग्रीस धुळीसकट खरवडून काढा आणि मगच नवं लावा. चाकणची धूळ मिसळलेलं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच. प्लास्टिकच्या पट्ट्यांचं कमी ग्रीसवालं मॉडेल असेल तर वर ग्रीस थापू नका, पण जबड्याला मात्र लागतंच.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. त्याच वेळी, भरलेल्या गाडीवर, पाण्याची नळी परत लावा. पाटे आणि ॲंगल आपापल्या जागी बसलेले असतात, म्हणून खरा आकडा हा दुसरा. तो ट्रॉलीच्या पुढच्या तोंडावर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून टाका, ‘भरलेली १२१०’ असा, आणि घोड्याच्या केबिनच्या पाठीवर त्याचा स्वतःचा आकडा. रात्री दोन वाजता यार्डात ट्रॉली बदलताना ड्रायव्हरला वही उघडायची गरज पडत नाही.